तीनशे चार पानं

एक वाजून दहा मिनिटांनी रुचाने तिसऱ्यांदा फोन उलटा करून पाहिला. शंतनुचा निरोप अजून आला नव्हता.

"पिशवीत टाक तो," अंबिका म्हणाली. "नियम सगळ्यांना सारखा."

"ताई, आज राहू दे ना. छापखान्यातून फायनल फाइल यायचीय."

"राहू दे गो. आज तिचा दिवस आहे," अप्पा म्हणाले, आणि अंबिकेने तीन फोन असलेल्या कापडी पिशवीचं तोंड बांधून ती खुर्चीला अडकवली.

लालबागच्या त्या मालवणी खानावळीत खिडकीजवळचं टेबल चौघांना पुरायचं. पुस्तक ज्याचं, त्याने हॉटेल ठरवायचं, अशी यांची पद्धत. चार वर्षं, दर महिन्याचा दुसरा शनिवार, एक जुनी ऐतिहासिक कादंबरी आणि एक जेवण. सुरुवात अप्पांनी केली. ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, गिरगावात राहणारे, बोटीच्या कंपनीत कारकुनी करून निवृत्त झालेले. अंबिका टेलिफोन एक्सचेंजमधून निवृत्त झालेली, करी रोडच्या चाळीत वाढलेली. आता त्याच जागेवरच्या टॉवरमध्ये बाविसाव्या मजल्यावर राहते. अवधूत दादरचा, बँकेत अधिकारी, शनिवार पाळणारा. म्हणून बाकीच्यांसमोर सुरमई आणि त्याच्यासमोर काळ्या वाटाण्याचं सांबार.

"मालवणी हॉटेलात येऊन वाटाणे खातोस," अंबिका म्हणाली. "लाज नाय वाटत?"

"वड्यांसाठी येतो मी."

"वडे आमच्या घरी ये खायला. इथे मासा खा."

रुचा एकतीस वर्षांची. मुद्रितं तपासण्याचं काम करायची. नोकरी नाही, कामागणिक पैसे. या महिन्याचं पुस्तक अप्पांचं होतं, 'अभयाचा कागद', आणि तिने ते सहा महिन्यांपूर्वीच अप्पांकडून नेऊन वाचलं आणि शंतनुला वाचायला दिलं होतं. शंतनु प्रकाशक, त्याचं ऑफिस दादरला. त्याला पुस्तक आवडलं. लेखकाच्या नातीची परवानगी मिळाली, अप्पांच्या प्रतीवरून मजकूर नव्याने बसवला गेला, आणि शेवटी जोडायचा आठ पानांचा लेख रुचाने लिहिला. शंतनुला अशा बारा विस्मृत कादंबऱ्या काढायच्या होत्या. हे पहिलं पुस्तक नीट निघालं, तर उरलेल्या अकरांची संपादक रुचा. तसं तो स्वच्छ बोलला होता. लोअर परळच्या छापखान्यात पहिले फर्मे, म्हणजे सोळा-सोळा पानांचे मोठे ताव, छापूनही झाले होते. आज चार वाजता शेवटचे दोन मशीनवर चढणार होते: कादंबरीची अखेरची पानं आणि रुचाचा लेख.

एक पंचवीसला फोन थरथरला. रुचाने डाव्या हाताने फाइल उघडली, पानं सरकवली, लेखाखालचं स्वतःचं नाव पाहिलं आणि 'ओके' पाठवलं. उजव्या हाताच्या बोटांना कालवण लागलेलं होतं.

"झालं?" अवधूतने विचारलं.

"झालं."

"मग जेव आता. मघापासून पाय हलवतेयस, टेबल हलतंय."

ती जेवली, पण चव कळली नाही. काम हातातून गेल्यावर तिला नेहमीच असं व्हायचं. काहीतरी राहिलंय असं वाटायचं, आणि बहुतेक वेळा काहीच राहिलेलं नसायचं.

बोलणं पुस्तकावर आलं. अठराव्या शतकातला एक खाडीकाठचा किल्ला, त्याला पडलेला वेढा. आत अडकलेला गोलंदाज आणि बाहेर त्याची बहीण चिमा, तरीवर, खाडी ओलांडायच्या उतारावर, नाव चालवणारी. वेढा घालणाऱ्या सरदाराकडून ती भावापुरता अभयाचा कागद मिळवते आणि तो पोचवायला निघते. अवधूतला सरदाराचं पात्र फार गोड केलेलं वाटलं. अंबिकेला चिमाचं नाव चालवणं पटलं नाही.

"ओहोटीला कोण सुटतो रे किनाऱ्यावरून? लेखक घाटावरचा असणार."

शेवटाबद्दल मात्र कोणी शब्द काढला नाही. तोही नियमच होता. पहिल्या वर्षी दादरच्या एका उपाहारगृहात अंबिकेने एका कादंबरीचा शेवट सांगून टाकला, तेव्हा अवधूत साठाव्या पानावर होता. तो थालीपीठ अर्धं टाकून उठून गेला आणि दोन महिने आला नाही. तेव्हापासून ठरलं: शेवट सोलकढीबरोबर. शाकाहारी हॉटेल असेल तर कॉफीबरोबर. तोपर्यंत समोरासमोर नाही, फोनवर नाही, ग्रुपवर तर नाहीच. जुन्या पुस्तकाची प्रत एकच असायची, ती दहा-दहा दिवस हातोहात फिरायची, आणि वाचून झालं की मागच्या कोऱ्या पानावर सही आणि तारीख.

दोन वाजून पाच मिनिटांनी सोलकढीचे चार ग्लास आले. पुस्तक अप्पांचं, म्हणून पहिलं बोलणं त्यांचं. या वेळी त्यांनी पुस्तक पुन्हा वाचलेलं नव्हतं. महिन्यापूर्वी डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि डॉक्टरांनी बारीक अक्षर बंद केलं होतं.

"मला वाचायची गरजही नाही," ते म्हणाले. "एकोणिसाव्या वर्षी वाचलं, पण तो दरवाजा अजून दिसतो. चिमा किल्ल्यात पोचते. कागद पुढे करते. आणि भाऊ म्हणतो, माझ्या हाताखालची सात माणसं इथे मरणार आणि मी एकटा बाहेर येऊ? ती काही बोलत नाही. कागद चुलीत घालते आणि स्वतः आतच राहते. त्या काळात बाईला असं लिहिणं! काय?"

"जबरदस्तच प्रसंग आहे तो," अवधूत म्हणाला.

अंबिकेने ग्लास खाली ठेवला.

"कुठला प्रसंग रे?"

"हाच. चुलीचा."

"कितव्या पानावर?"

अवधूतने सोलकढीचा मोठा घोट घेतला.

"अप्पा," अंबिका म्हणाली, "चिमा किल्ल्यात पोचतच नाही. नावेत आहे ती. वल्हं वर घेते, नाव आपली आपण पुढे सरकते. संपलं."

"संपलं कसं? ते तर आधीचं प्रकरण."

"मग पुढचं खंय आसा?"

रुचाने पुस्तक अप्पांच्या पिशवीतून स्वतःच काढलं. हात पुसायचे राहिले होते. पुठ्ठ्यावर बोटांचे तेलकट ठसे उमटले. शेवटचं छापील पान तीनशे चार. शेवटचं वाक्य पूर्ण, पूर्णविराम जागेवर. त्यानंतर बाइंडरने घातलेलं कोरं पान आणि त्यावर सह्या: रुचा, अवधूत, अंबिका.

छापखान्यात एका मोठ्या कागदावर सोळा पानं छापून त्याची घडी घालतात, तो एक फर्मा. रुचाने मनात भागाकार केला. तीनशे चार भागिले सोळा, एकोणीस. बाकी शून्य. पान फाटलं असतं तर बाकी उरली असती, दोरा दिसला असता. इथे काहीच फाटलेलं नव्हतं. विसावा फर्मा शिवलाच गेला नव्हता.

"अप्पा, हे परत कधी बांधून घेतलंत?"

"वरच्या मजल्यावरचं पाणी आलं होतं तेव्हा. शहाण्णव-सत्त्याण्णव. आमच्या गल्लीतल्या बाइंडरकडून. का?"

"आणि त्यानंतर शेवट वाचला नाहीत?"

"कशाला वाचू? मला माहीत होता."

शेजारच्या टेबलावर कोणीतरी जादा वडे मागवत होतं.

"'समाप्त' नव्हतं," अवधूत अखेर म्हणाला. "मघाशी अप्पांचा मान राखायला हो म्हटलं, पण माझ्या लक्षात आलं होतं. त्या काळातल्या प्रत्येक पुस्तकात असतं, वेलबुट्टीसकट. मला वाटलं, या लेखकाने मुद्दाम टाळलंय."

"आणि विचारलं नाहीस?"

"नियम तुझ्यामुळेच आहे ना? शेवटाबद्दल बोलायचं नाही."

"मी तर दोन दिवस तळमळत होते," अंबिका म्हणाली. "हिचं पुढे काय झालं, हिचं पुढे काय झालं. म्हटलं, विचारलं तर तुम्ही हसाल. ही शिकलेली माणसा गप आसत, म्हणजे असाच आसतला."

रुचाने त्यांच्याकडे पाहिलं नाही. तिच्या लेखाचं शीर्षक होतं 'अपूर्णतेचं धाडस'. आठ पानांपैकी साडेपाच पानं त्या शेवटच्या वाक्यावर होती.

"हे बघ," अवधूत म्हणाला, आवाज खाली आणून, "घाबरायचं कारण नाही. दुसरी प्रत कोणाकडे आहे? कोणाकडेच नाही, म्हणून तर पुनर्मुद्रण. आणि अप्पांना साठ वर्षांपूर्वीचं आठवतंय ते याच पुस्तकातलं कशावरून? दुसऱ्या कुठल्या कादंबरीतलं असेल. जाऊ दे तसंच. शेवट छानच वाटतो."

"अवधूत, मला वेडा ठरवतोस?"

"तसं नाही अप्पा."

"मग कसं? माझं पुस्तक अर्धं छापणार तुम्ही, आणि मी वेडा."

दोन वाजून एकवीस मिनिटं. रुचा फोन घेऊन उठली.

खानावळीच्या पायऱ्या मसाल्याच्या दुकानांच्या गल्लीत उतरत. समोर मसाला कांडायच्या डंकात मिरची कुटली जात होती. तिला पहिल्या श्वासाला ठसका लागला आणि शंतनुने फोन उचलला तेव्हा ती खोकतच होती.

"काय गं? ओके मिळाला तुझा. चारला चढवतोय."

"थांबव."

"काय राहिलं?"

"शेवट राहिला. अप्पांच्या प्रतीत शेवटचा फर्मा नाही. तीनशे चारच्या पुढे अजून पानं आहेत. होती."

मागून मशीनचा आवाज येत होता. तो छापखान्यातच उभा असावा.

"कोण म्हणतं?"

"अप्पा. त्यांनी पूर्वी वाचलंय."

"त्यांचं वय काय?"

"ते सोड. 'समाप्त' नाही. पानांना सोळाने पूर्ण भाग जातो."

"कित्येक पुस्तकांना जातो, रुचा. हे ऐक. 'लेखक वाचकाला पाण्यात सोडून निघून जातो, आणि हेच या कादंबरीचं सर्वांत मोठं धाडस आहे.' कोणाचं वाक्य?"

"माझं."

"मला तर हा शेवट तुटका वाटला होता. तुझा लेख वाचून मला तो पटला. ग्रंथप्रदर्शन पंधरा दिवसांवर आहे, बाइंडर सोमवारी दुपारचा ठरलाय. आणि आता तू म्हणतेस, तो शेवटच नाही?"

"लेख चुकलाय."

"सकाळपर्यंत बरोबर होता."

डंक थांबला आणि पुन्हा सुरू झाला. रुचा भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

"एक्केचाळीस प्रकरणं आहेत," ती म्हणाली. "प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी तो सांगतो, कोण जेवलं, कोण झोपलं, घोड्याला चंदी मिळाली की नाही. नवव्या प्रकरणात एक कुत्रा हरवतो, तो चौदाव्यात सापडतो. असा माणूस चिमाला खाडीत सोडून देईल? भावाला तो तीनशे पानं किल्ल्यात बसवून ठेवतो ते कशाला?"

"हे लेखात का नाही लिहिलंस?"

नजरेतून सुटलं, असं म्हणता आलं असतं. मुद्रितं तपासणाऱ्या माणसाकडून एखादी गोष्ट सुटू शकते.

"टिपून ठेवलं होतं," ती म्हणाली. "कुत्र्याचंही. लेखात बसत नव्हतं, म्हणून काढलं."

पलीकडे त्याने मशीनवाल्याला हाक मारली.

"मशीन दुसऱ्या कामाला देतो," तो म्हणाला. "सोमवारी अकराला मला पानं हवीत. बसवून, तपासून. नाही मिळाली तर छापलेल्या फर्म्यांचं काय करायचं ते मी बघेन. तुझ्याशी मात्र पुढे काम करता येणार नाही, कळतंय ना?"

"कळतंय."

ती वर आली तेव्हा अंबिका पिशवीतून फोन काढून वाटत होती. काय झालं ते रुचाने चार वाक्यांत सांगितलं. बिल अवधूतने आधीच दिलं होतं.

"मी दादरच्या वाचनालयात जातो," तो म्हणाला. तिच्याकडे न बघता त्याने बॅग उचलली. "पाचपर्यंत उघडं असतं."

"गिरगावात आमचं जुनं वाचनालय आहे," अप्पा म्हणाले. "त्यांनी कधी काही फेकलेलं नाही. मीच कमिटीवर होतो."

"माहीमच्या वाचनालयात माझी मैत्रीण आहे, तिला मी फोन लावते," अंबिका म्हणाली. "तुम्ही निघा. आणि अप्पा, डोळ्यात औषध घातलंत? तीनचं राहील."

टॅक्सीत अप्पांनी मान मागे टाकली आणि रुचाने त्यांच्या डोळ्यात थेंब सोडला. भायखळ्याच्या पुलावर गाडी अडकली. ती दर मिनिटाला घड्याळ पाहत होती, आता चारचं बंधन उरलं नव्हतं तरी. अप्पा डोळे मिटून होते.

"ती कागद चुलीतच घालते ना गं?" त्यांनी अचानक विचारलं.

"मला कसं माहीत, अप्पा?"

"हो. तुला कसं माहीत असणार."

गिरगावातल्या वाचनालयात काउंटरवर प्राची नावाची मुलगी होती, पंचविशीची. तिने कॉम्प्युटरवर शोधलं आणि नाही म्हणाली. अप्पांनी जुन्या सूची-कार्डांचे खण कुठे गेले ते विचारलं. ते माळ्याखाली होते, त्यांच्यावर खुर्च्या रचलेल्या. रुचा आणि प्राचीने खुर्च्या उतरवल्या. 'अ'च्या खणात कार्ड होतं, पिवळं पडलेलं. पुस्तक शेवटचं बाहेर गेलं होतं ते सदतीस वर्षांपूर्वी.

"म्हणजे वरच्या कपाटात," प्राची म्हणाली. "ती आम्ही उघडत नाही. चावी शोधायला लागेल."

चावी शोधायला वीस मिनिटं गेली. तेवढ्या वेळात अवधूतचा निरोप आला, दादरला नाही. अंबिकेचा आला, माहीमला पुस्तक होतं पण वाळवी लागली. रुचा वाचन कक्षाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत राहिली, तेव्हा पेपर वाचणाऱ्या एका गृहस्थांनी तिला बसायला सांगितलं. ती बसली आणि पुन्हा उठली.

चार वाजून पन्नास मिनिटांनी प्राची शिडीवरून पुस्तक घेऊन उतरली. मूळचा पुठ्ठा, पाठीवर फाटकं कापड. रुचाने मागून उघडलं. तीनशे अठरा. खाली दोन वेली आणि मधे 'समाप्त'.

"वाच," अप्पा म्हणाले. "मोठ्याने. हळू, पण मोठ्याने."

काउंटरच्या कडेला उभी राहून तिने चौदा पानं वाचली. चिमा किल्ल्यात पोचते. भाऊ तेच म्हणतो, सात माणसांचं. अप्पांना शब्दसुद्धा जवळजवळ बरोबर आठवत होते. चूल होती. तिच्यावर पेज शिजत होती, चिमा ती सगळ्यांना वाढते. पण कागद ती चुलीत घालत नाही. ती त्याच नावेतून परत येते, सरदारासमोर उभी राहते आणि म्हणते, "माणूस आला नाही. तुमचा कागद घ्या." सरदार कागद घेतो. घोड्यांना चंदी दिली जाते. चिमा नाव बांधते आणि झोपते.

अप्पांच्या ऑपरेशन झालेल्या डोळ्यातून पाणी येत होतं. ते त्यांनी रुमालाने टिपलं.

"परत येते?"

"हो."

"मी तिला आत ठेवलं होतं," ते म्हणाले. "साठ वर्षं. भावाजवळ." मग थोड्या वेळाने, चिडून: "माझा शेवट बरा होता."

"बरा होता," रुचा म्हणाली. "पण लेखकाचा नव्हता."

पुस्तक बाहेर न्यायची परवानगी नव्हती. तिने फोनवर पानांचे फोटो काढले आणि शंतनुला पाठवले. दहा मिनिटांनी त्याचा फोन आला. त्याने घाईघाईत वाचलं होतं. रात्रीत मजकूर बसवून घेतो, म्हणाला.

"लेख काढून टाकतोय," तो म्हणाला. "दुसरा लिहायला वेळ नाही."

"काढच."

"आणि उरलेल्या अकरांचं... मी दुसऱ्या कोणाला तरी विचारेन, रुचा. तू थांबवलंस ते बरं केलंस. पण बसत नाही म्हणून काढलं, असं तू म्हणालीस ना, ते माझ्या डोक्यातून जाणार नाही. संपादकाने तेवढंच करायचं नसतं."

"हो."

"राग?"

"नाही." तिने फोन दुसऱ्या कानाला लावला. "तुझ्यावर नाही."

"ही चौदा पानं तपासशील? नेहमीच्या दराने. रविवारी सकाळी पाठवतो, सोमवारी अकराच्या आत हवीत."

"पाठव."

वाचनालय साडेसहाला बंद व्हायचं. अप्पा खुर्चीवर बसून अंबिकेला फोनवर शेवट सांगत होते, आणि पलीकडून ती काहीतरी ओरडून विचारत होती, बहुतेक भरतीबद्दल. रुचाने बाकावर बसून फोनवरचे फोटो मूळ पुस्तकाशी एकेक करून ताडायला घेतले. तीनशे पाच. सहा. सात. तीनशे दहानंतर फोटोत तीनशे बारा आलं. ती मागे गेली, पुन्हा पुढे आली, पुन्हा मोजलं. तेरा फोटो होते.

"झालं का गं?" अप्पांनी फोनवर हात ठेवून विचारलं. "टॅक्सी बघू?"

"एक पान राहिलंय," ती म्हणाली, आणि पुस्तक पुन्हा उजेडाकडे धरलं.